अंगठ्याशेजारचं नाव

॥ श्री ॥

सेम्बावांग, सिंगापूर
१२ जानेवारी २०२५

चि. निशिकांत यास आजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तुझी खुशाली मात्र मला खरी वाटत नाही, म्हणून हे पत्र. फोनवर तू सगळं झकास आहे म्हणतोस आणि मागून कोणी हाक मारल्यासारखं करून फोन ठेवतोस. मुंबईच्या त्या खोलीत तू एकटा राहतोस, तुला हाक मारणार कोण? कागदावर तुला खोटं जमत नाही, हे मला इचलकरंजीपासून ठाऊक आहे. माझी पत्रं तू लिहायचास तेव्हा मी न सांगितलेलं एखादं वाक्य मध्येच घुसवायचास, आणि परत वाचून दाखवताना बरोबर तिथेच तुझी जीभ अडायची.

तुझी मालिका बंद होऊन वर्ष उलटलं. टीव्हीवर काही नवीन लागलं की मी तुझ्या मामीला, मीनलला, शेजारी बसवते आणि लिहिणाऱ्यांची नावं मोठ्याने वाचायला लावते. ती भराभर पळतात, बिचारीला धाप लागते. तुझं येत नाही. काय झालंय ते सरळ लिही. तुझी आई असती तर तिला सांगितलं असतंस, आता तिची आई शिल्लक आहे, तिला सांग.

तुझी मामी ऑफिसातून आली की मी तिला लिहायला बसवते. पाया लेबारला बँकेत ती दिवसभर लोकांच्या कागदांत काय खोटं आहे ते शोधते आणि घरी येऊन माझं खरं उतरवून घेते. तिचा चहा अजून पाणचट असतो. हेही लिही म्हटलं. तिने लिहिलं, पण ओळ फारच आखूड झाली. मला अक्षर येत नसलं तरी ओळीची लांबी कळते. म्हटलं, पुन्हा लिही, साखर कमी असते तेही घाल.

तुझा मामा श्रीनिवास मला रविवारी इथल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर नेतो. चिनी म्हाताऱ्या तिथे बादलीत पाय बुडवून बसतात आणि अंडी उकडतात. एकीशी माझी मैत्री झाली आहे. तिची भाषा मला येत नाही आणि माझी तिला येत नाही, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नाही.

उत्तर कागदावर दे. मीनल फोटो काढून पाठवते तसा तूही पाठव. आजीवरची माया पाणचट होऊ देऊ नकोस, चहासारखी.

तुझी आजी
हौसाबाई ढवळे (डावा अंगठा)
लिहिणार : सौ. मीनल. वाचून दाखवलं.

ता.क. निशिकांत, हे खालचं आईंना वाचून दाखवलेलं नाही. त्या रोज संध्याकाळी टीव्हीसमोर बसतात, मालिका बघत नाहीत, नावांची वाट बघतात. सोबत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आलेली एक जाहिरात पाठवते आहे. इथली एक कंपनी सहा छोटे चित्रपट काढते आहे. सिंगापुरात राहणाऱ्या, साठीच्या पुढच्या माणसांनी आपापल्या भाषेत गोष्ट पाठवायची. आईंना काही सुचेल का, बघ. तुझी मामी.


गोरेगाव, मुंबई
२६ जानेवारी २०२५

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मामी, हे मोठ्याने वाच आणि गाळू नकोस.

आजी, तुझं बरोबर आहे. हाक मारणारं कोणी नाही. चौदा महिने झाले, मला काम नाही. २०२३च्या दिवाळीनंतर आमच्या मालिकेला लेखनाचं बक्षीस मिळालं. ते घ्यायला मी स्टेजवर गेलो. निम्मे भाग नीता आणि रवींद्र या माझ्या दोन साहाय्यकांनी लिहिले होते. तीनशे भागांत एकदाही त्यांची नावं पडद्यावर आली नव्हती, त्यांच्या जागी निर्मात्याच्या मेहुण्याचं नाव यायचं. मी माइकवर दोघांची नावं घेतली आणि मेहुण्यांनी नक्की कुठला भाग लिहिला, ते विचारलं. टाळ्या खूप झाल्या. नंतर जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे आणि मागे कोणीच उभं राहिलं नाही.

काळी यादी म्हणतात ती कुठे टांगलेली नसते गं. नाही असं कोणीच म्हणत नाही. बघून कळवतो म्हणतात. एका जुन्या मित्राने शेवटी कानात सांगितलं की ज्या फाइलवर माझं नाव असतं ती कोणी उघडत नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने लिही, म्हणाला.

तर आजी, मी लिहिलं. मामीने पाठवलेली जाहिरात वाचली आणि अकरा दिवसांत एक पटकथा संपवली. नाव ठेवलं ‘सूनबाई, लिही’. लेखिका म्हणून तुझं नाव घालून काल पाठवूनही दिली. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हसली असतीस, आणि तू हसलीस की माझ्याने पुढे काही होत नाही.

निवड होणार नाहीच, तेव्हा रागावून घे आणि विसरून जा.

तुझा, आणि सध्या तुझ्याच पदराआड लपलेला,
निशिकांत


सेम्बावांग, सिंगापूर
९ मार्च २०२५

चि. निशिकांत यास लेखिकाबाईंचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अरे, निवडली! शंभराच्या वर गोष्टी आल्या होत्या, सगळ्या भाषांतल्या, त्यांतल्या सहांत माझी! म्हणजे तुझी. म्हणजे थांब, तेच सांगायचं आहे.

कंपनीचा पोरगा येणार म्हणून कळलं तेव्हा मी मीनलला म्हटलं, माझ्या नावावर काय लिहून ठेवलंय ते मला आधी ऐकव. ती वाचायला लागली. एक सासू आहे, तिला अक्षर येत नाही. ती सुनेला पुढे बसवून गावाकडच्या बहिणीला पत्रं लिहवून घेते, आणि त्यात सुनेच्याच तक्रारी सांगते. चहा पाणचट आहे, ओळ आखूड झाली, पुन्हा लिही. मी म्हटलं, थांब, हे कोणाचं आहे? हे माझं आहे. गरम पाण्याची म्हातारी माझी. भाषा येत नाही म्हणून भांडण नाही, हे माझं. नळाला पाणी येतं पण शेजारीण येत नाही, हे मी तुला दोन वर्षांमागे सांगितलं होतं. लबाडा, तू माझी पत्रं उघडून माझ्यासमोरच मांडलीस!

आणि मग मीनल अडली. एका पानावर तिची जीभ अशी अडली, जशी तुझी अडायची. मी म्हटलं, वाच. तर त्या गोष्टीतली सून दर पत्राच्या खाली सासूच्या नकळत स्वतःचं काहीतरी लिहिते. मी मीनलकडे बघितलं. ती तिच्या चहाकडे बघत होती.

किती वर्षं चाललंय म्हणून विचारलं, तर म्हणे सात. मी तिला एवढंच म्हटलं की इतकं सांगायचं होतं तर दुसरा कागद घ्यायचास, माझ्या कागदातली जागा का खाल्लीस? मग आम्ही दोघी इतक्या हसलो की श्रीनिवास आतून बघायला आला. आता नियम केलाय. खाली काय हवं ते लिहायचं, पण मोठ्याने वाचून.

तो पोरगा म्हणजे यशोधन. पुण्याचा आहे, चाळिशीचा असेल, पण अंगाने इतका बारीक की मी पोरगाच म्हणते. बुकित बातोकला त्याची कंपनी आहे. आल्या आल्या पाया पडला. म्हणाला, चौदाव्या पानावर थोडा बदल हवा. मी म्हटलं, पान राहू दे, वाक्य सांग. त्याने सांगितलं आणि त्याच्या पुढची चार मी सांगितली. तीनदा ऐकलंय, पाठ होणारच. त्याचे डोळे असे झाले! त्याचं म्हणणं होतं की सुनेचं लिहिणं कळल्यावर सासू रडली पाहिजे. मी म्हटलं, नाही रडणार. ती म्हणेल, माझ्या कागदातली जागा का खाल्लीस? यशोधनने खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. इतक्या वर्षांत असं खरं वाक्य ऐकलं नाही, म्हणाला. मीनल स्वयंपाकघरात पळाली.

कसं लिहिता, म्हणून त्याने विचारलं. मी खरं सांगितलं. मी सांगते, हात दुसऱ्याचा असतो. त्याला वाटलं मीनलचा. मी पुढे बोलले नाही. पण बाळा, मीनलचा चेहरा बघवत नव्हता. दिवसभर लोकांचं खोटं पकडणारी बाई, आणि तिच्याच घरात हे बसलंय.

आता रागाचं. तू मोठ्या स्टेजवर जाऊन दुसऱ्यांच्या नावांसाठी बोललास आणि स्वतःचं नाव मात्र माझ्या पदराखाली कोंबलंस. हे मला पटलेलं नाही. त्याचं काय करायचं ते मी बघते.

सध्या झऱ्यावर माझा थाट बघ. श्रीनिवासने त्या चिनी म्हातारीला फोनवरून भाषांतर करून दाखवलं की मी सिनेमा लिहिलाय. तिने मला एक अंडं दिलं.

जीव लावतोस तसाच लावत राहा, पण विचारून.

तुझी आजी
हौसाबाई ढवळे (डावा अंगठा)
लिहिणार : सौ. मीनल. वाचून दाखवलं.

ता.क. (मोठ्याने वाचून) निशिकांत, माझ्या चहाबद्दल पटकथेत एकूण सहा उल्लेख आहेत. दोन कमी कर. तुझी मामी.


गोरेगाव, मुंबई
६ एप्रिल २०२५

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मी उशाशी ठेवलंय. तू जे ओळखलंस ते कबूल करतो. टेबलाशी बसलो तेव्हा दहा वर्षं मालिका लिहिलेला मी, मला एक जिवंत वाक्य सुचेना. मग तुझ्या पत्रांची पेटी काढली. मी फक्त प्रसंग लावत गेलो. बोलतेस तू.

काल मामीने फोनवर सांगितलं ते ऐकून मात्र घाम फुटला. यशोधनचा चित्रपट इकडे दाखवायचा करार ज्या मुंबईच्या कंपनीशी आहे, तिथल्या कोणाला तरी पटकथेत माझी लिहिण्याची चाल ओळखू आली. आता त्यांना तुझ्याकडून कागद हवाय, की ही गोष्ट तुझीच आहे आणि तिच्या लेखनात दुसऱ्या कोणाचा हात नाही.

आजी, अंगठा देऊन टाक. हात जोडतो. माझं नाव असलेली फाइल इथे कोणी उघडत नाही, तुझ्या नावाची उघडली. चित्रपट होऊ दे. मी अंधारात मागच्या रांगेत बसून तुझी वाक्यं ऐकेन, मला तेवढं पुरे आहे. मामीला सांग की कागद तपासणं तिने एक दिवस बंद ठेवावं.

तुझ्या मायेवर जगणारा,
निशिकांत


सेम्बावांग, सिंगापूर
२० एप्रिल २०२५

चि. निशिकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

अंगठा दिला. आता बस आणि नीट वाच.

बुधवारी मीनलने रजा काढली आणि मला बुकित बातोकला घेऊन गेली. कारखान्यांची इमारत आहे, लिफ्ट एवढी मोठी की तिच्यात आपला इचलकरंजीचा माग उभा राहील. यशोधनने खुर्ची दिली, कोपी दिली, म्हणजे इथली कॉफी. ती मीनलच्या चहापेक्षा दाट होती, पण आज मी तिच्या बाजूची आहे म्हणून जास्त बोलत नाही. मग त्याने कागद पुढे केला आणि शाईचा डबा उघडला. मीनलने इंग्रजीतलं मराठी करून मला सगळं ऐकवलं. गोष्ट माझी आहे. त्यावर मी मान डोलावली. दुसऱ्या कोणाचा हात नाही. त्यावर मी मान थांबवली.

मी म्हटलं, यशोधन, मला हात असता तर अंगठा कशाला लागला असता?

त्याला समजेना. मग मी त्याला माझ्या सासूचं सांगितलं. तिच्या काळी बायकांची निशाणी बांगडीची असायची. कागदावर ती एक गोल काढायची. आमच्या जागेचा कागद झाला तेव्हा तिने गोल काढला आणि हात मागे घेतला, आणि म्हणाली की लिहिणाऱ्याने शेजारी आपलं नाव घालावं, नाहीतर हा गोल म्हणजे नुसता गोल. माझा अंगठाही तसाच. आजवर रेशनला, सोसायटीत, कोर्टात, जिथे जिथे मी अंगठा दिला तिथे शेजारी लिहून देणाऱ्याचं नाव आहे. नाव नसलं तर कोणीही उद्या म्हणेल, म्हातारीला काय वाचून दाखवलं कोणास ठाऊक. लिहिणाऱ्याने जबाबदारी घ्यायची असते. म्हणून माझ्या पत्राखालीसुद्धा मीनलचं नाव असतं, तुझ्या वेळी तुझं असायचं.

तर माझा अंगठा हवा असेल, तर शेजारी ज्याने लिहिलं त्याचं नाव. मी नाव सांगितलं. निशिकांत सातपुते.

यशोधनने तुझं नाव ऐकलेलं होतं. कोपीचा कप त्याने खाली ठेवला तो टेबलाच्या अगदी काठावर. तो म्हणाला की आजी, हे नाव घातलं तर मुंबईवाले जातील. मग हळूच म्हणाला, मीनलताईंचं घालू या का? त्यांचं अक्षर आहेच.

आणि इथे तुझ्या मामीने काय केलं ऐक. एरवी दुकानात उरलेले सुटे मागायला लाजणारी बाई. तिने पेन काढलं, कागदावरचं हात नाही ते वाक्य सरळ खोडलं, आणि त्याच्या वर लिहिलं की गोष्ट आणि बोलणं हौसाबाई ढवळे यांचं, लिहून देणार निशिकांत सातपुते, वाचून दाखवणार मीनल ढवळे. म्हणाली, मी वाचून दाखवलं, तेवढ्यापुरतं माझं नाव. जे मी केलं नाही त्याच्याखाली मी येणार नाही. मग मी अंगठा दाबला. तुला माहीत आहे, वीस वर्षं मागाच्या कांड्यांवर सूत भरून माझ्या अंगठ्यावर सुताची आडवी रेघ पडली आहे. विमानतळावरच्या यंत्राला तो अजून ओळखू येत नाही, दरवेळी माणूस बोलवावा लागतो. पण कागदावर छान उठला. रेघेसकट.

यशोधन कागद घेऊन बसून राहिला. विचार करून सांगतो म्हणाला. तुझ्या त्या कळवतो म्हणणाऱ्यांसारखा नव्हे हं. खरंच विचार करायच्या चेहऱ्याने म्हणाला.

तू मागच्या रांगेत अंधारात बसणार म्हणतोस. बस. पण मी तुला लपवायला पदर देणार नाही. तो मला डोक्यावर घ्यायला लागतो.

राग आला तरी लोभ धरून राहा. राग जाईल, मी ओळखते तुला.

तुझी आजी
हौसाबाई ढवळे (डावा अंगठा)
लिहिणार : सौ. मीनल. वाचून दाखवलं.


गोरेगाव, मुंबई
२७ एप्रिल २०२५

ती. आजीस शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

मुंबईच्या कंपनीने अंग काढून घेतलं. काल यशोधनला मेल आला, त्याने मामीला सांगितलं, मामीने मला. आता तो एकट्याच्या बळावर चित्रपट करणार की सहाचे पाच करणार, ठाऊक नाही. करू नये असंच कोणीही त्याला सांगेल.

आजी, अजून वेळ आहे. माझं नाव काढ. नवीन कागद कर. एक नाव वाचवण्यासाठी सगळी गोष्ट बुडवायची का? मी स्टेजवर बोललो तेव्हा माझं एकट्याचं गेलं. आता तुझं जाईल, यशोधनचं जाईल.

नीता आणि रवींद्रला सगळं सांगितलं.  मग नीताने विचारलं, आजी दत्तक घेतात का? वर्षभरात पहिल्यांदा आम्ही तिघं हसलो. पण हसून चित्रपट होत नाही.

विनवणी करणारा,
निशिकांत


सेम्बावांग, सिंगापूर
१८ मे २०२५

चि. निशिकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

नवीन कागद करणार नाही. गरजही उरली नाही! पण तुला मी पटकन सांगणार नाही, तू मला न विचारता लेखिका केलंस, आता थोडा दम धर.

तीन आठवडे यशोधनचा पत्ता नव्हता. मी रोज मीनलला विचारायचे, ती रोज नाही म्हणायची. शेवटी मी त्याला जेवायला बोलावलं. लिटल इंडियातून ज्वारीचं पीठ आणवलं, भाकरी केली, मटकीची उसळ केली, ठेचा केला. माणूस भाकरी मोडत असला की त्याला खोटं बोलायला फुरसत नसते. मी कागदाचा विषयच काढला नाही. त्याची आई कुठे असते, काय करते, एवढंच विचारलं.

तिसऱ्या भाकरीला तो आपणहून बोलायला लागला. इथे यायच्या आधी तो तीन वर्षं मुंबईत सिनेमावर राबायचा. पहिला सिनेमा लागला तेव्हा आईला पुण्यात थिएटरात घेऊन गेला. सिनेमा संपला, लोक उठले, दिवे लागले, झाडूवाला आला. ती माउली शेवटची ओळ जाईपर्यंत पडद्याकडे बघत बसली. मुलाचं नाव आलंच नाही. बाहेर आल्यावर ती त्याला म्हणाली, माझा चष्मा जुना झालाय, मी चुकून पाहिलं नसेल.  मीनलने त्याला चहा दिला. पाणचट होता. त्याने तो पूर्ण प्यायला, म्हणजे मला कळलं की पोरगा भला आहे.

मी म्हटलं, तुझ्या आईने चष्म्याला दोष दिला. माझ्याकडे तर चष्म्याचंही निमित्त नाही.

जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, मुंबईवाले गेले तर गेले, आपण इथे दाखवू. पुढच्या सोमवारपासून शूटिंग. आणि अंगठा जसा कागदावर आहे तसाच पडद्यावर घेणार, शेजारच्या नावासकट!

ऐकलंस? आता खोलीत एकटा आहेस ना, तर ओरड थोडं.

एक मागणं आहे. सुनेचं काम करणारी बाई येऊन गेली, गोड आहे, पण ती पेन धरते कसं तर चमच्यासारखं. मी यशोधनला म्हटलं, मीनलकडे पाठव, ती शिकवेल. मीनल हो म्हणाली, आणि तेव्हापासून आरशासमोर बसून पत्रं लिहिते आहे.

सप्टेंबरात दाखवणार आहेत. तू यायचंस. लोभ मनात ठेवून उपयोग नाही, तो घेऊन विमानात बस.

तुझी आजी
हौसाबाई ढवळे (डावा अंगठा)
लिहिणार : सौ. मीनल. वाचून दाखवलं.

ता.क. (मोठ्याने वाचून) आरशाचं खोटं आहे. एकदाच बसले होते. तुझी मामी.


सेम्बावांग, सिंगापूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. निशिकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

भित्र्या, आला नाहीस. शेवटच्या क्षणी नाव काढतील आणि ते तुला डोळ्यांनी बघवणार नाही, असं श्रीनिवासला फोनवर म्हणालास ना? मामाच्या पोटात काही राहत नाही, एवढं तुला कळायला हवं होतं. ठीक आहे. तू बघितलं नाहीस, मी वाचलं नाही, म्हणजे आपण दोघं सारखेच. आता मी सांगते आणि तू ऐक.

काल संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. मंडळाची माणसं होती, तमिळ होती, मलय होती. झऱ्यावरची माझी मैत्रीण नातवाला घेऊन आली होती. मला मधल्या रांगेत बसवलं, एका बाजूला श्रीनिवास, दुसऱ्या बाजूला मीनल. आपला चित्रपट चौथा. पहिल्या तिघांत माझं लक्ष नव्हतं, ते काय म्हणाले विचारू नकोस.

मग आपला लागला. सासूने पहिलं वाक्य म्हटलं आणि हॉल हसला. अरे, माझ्या मैत्रिणीचा नातू पडद्यावरच्या खालच्या ओळी तिला वाचून सांगत होता, तीही हसली! आमचं आता कदाचित भांडण होईल. चहाला प्रत्येक वेळी हसले, चारही वेळा. आणि माझ्या कागदातली जागा का खाल्लीस, हे आलं तेव्हा हसले, आणि हसता हसता सगळे एकदम गप्प झाले. मी आजूबाजूला बघितलं. बायका डोळे पुसत होत्या. यशोधनला सासू रडायला हवी होती ना, बघ, तिच्याऐवजी कोण रडलं.

गोष्ट संपली. पडदा काळा झाला. आणि मग माझा अंगठा आला. दाराएवढा! आडवी सुताची रेघ त्यात पांढरी दिसत होती, जसा कांडीवरून दोरा सुटून आलाय. मी खुर्चीत पुढे सरकले. कारण अंगठ्याशेजारी काहीतरी उमटत होतं, अक्षरं होती, पण कोणाची ते मला कसं कळणार? काढलं असेल, बदललं असेल, मेहुण्याचं घातलं असेल. मी मीनलचं मनगट धरलं आणि म्हटलं, वाच.

तिला टीव्हीसमोरची सवय, माझ्यासाठी ती मोठ्याने वाचते. तिने तसंच वाचलं. लिहून देणार, निशिकांत सातपुते. हॉल गप्प होता, त्यामुळे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. मागून कोणी मराठी बाई होती, तिने ते नाव हळूच म्हणून बघितलं. मग टाळ्या सुरू झाल्या. तुझ्या त्या स्टेजवरच्या टाळ्या मी ऐकलेल्या नाहीत, पण या टाळ्यांनंतर जेवणाच्या रांगेत माझ्या मागे आणि पुढे इतकी माणसं उभी होती की मला भातच मिळेना. सगळे विचारत होते, कोण हा निशिकांत? मी म्हटलं, माझा हात आहे.

यशोधन म्हणाला की आता पुढचं कामही तुझ्याकडूनच लिहून घेणार, तुझ्या नावाने. त्याने त्याच्या आईला पुण्याहून आणलं होतं. नवा चष्मा लावून ती बसली होती, शेवटची ओळ जाईपर्यंत. यशोधनचं नाव तिने स्वतः वाचलं. मला तिचा हेवा वाटला, खरं सांगते. क्षणभरच. तिच्या पोराचं नाव तिने एकटीने वाचलं, माझ्या नातवाचं सगळ्या हॉलने ऐकलं.

नीता आणि रवींद्र यांना माझे आशीर्वाद सांग. दत्तक घेतले. यापुढे कोणी विचारलं की तू काय करतोस, तर झकास चाललंय म्हणू नकोस. नाव सांग, पूर्ण.

माया जशी आहे तशी असू दे, तिला आता लपून बसायचं कारण नाही.

तुझी आजी
हौसाबाई ढवळे (डावा अंगठा)
लिहिणार : सौ. मीनल. वाचून दाखवलं.

ता.क. (मोठ्याने वाचून) निशिकांत, एक गोष्ट आईंनी सांगायची ठेवली. त्या फक्त वाच म्हणाल्या होत्या. उभं राहून वाच, असं म्हणाल्या नव्हत्या. ते माझं मी केलं. एवढंच मला या कागदावर जागा खाऊन लिहायचं होतं. तुझी मामी, मीनल ढवळे.

वरचं आईंना वाचून दाखवलं. त्यांनी माझ्या नावाशेजारीही अंगठा लावला आहे.